सुलभ घर: आधी जोतं मोजा

समजा, पांढरकवड्याजवळच्या खेड्यात श्रमदानातून घरकुल बांधायचंय आणि घरातली आजी व्हीलचेअरवर आहे. 'घर सुलभ हवं' ही झाली इच्छा. संशोधनात ती मोजता यायला हवी.

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये घर किमान २५ चौरस मीटरचं असतं. ते चौरस धरलं, तर बाजू ५ मीटर. पावसाळ्यात काळ्या मातीवर पाणी साचतं, म्हणून जोतं ४५ सेंटिमीटर धरू. रॅम्पचा उतार १:१२ ठेवला, तर लांबी होते ५.४ मीटर. म्हणजे घराच्या बाजूपेक्षाही जास्त!

श्रमदानाने मजुरी वाचते, जागा वाढत नाही. म्हणून रॅम्प पहिल्या आखणीतच हवा. 'नंतर बघू' म्हटलं की आजी घरातच अडकते.

तुमच्या विषयातला असा मोघम शब्द कोणता? आधी त्याचं माप ठरवा.