दोन हवांची आघाडी

वादळ म्हटले की आपल्याला बंगालचा उपसागर आठवतो. ते वादळ पोसते उबदार समुद्राच्या वाफेवर. युरोपातल्या वादळाची कुळीच निराळी. ते जन्मते दोन हवांच्या भांडणातून. आणि हे कोडे उलगडले तेही लढाईच्याच दिवसांत, याची मला मोठी गंमत वाटते.

पहिल्या महायुद्धात हवामानाच्या बातम्या लष्करी गुपित ठरल्या. तटस्थ नॉर्वेला ब्रिटनकडून येणाऱ्या तारा बंद झाल्या. कोळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी भरवसा ठेवावा तरी कोणावर? बर्गेनच्या विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी १९१८ साली पश्चिम किनाऱ्यावर जागोजाग निरीक्षक नेमले. त्या दाट नोंदी नकाशावर मांडताना त्यांच्या मुलाला, याकोबला, दिसले की वादळात थंड आणि उबदार हवा सहजी मिसळत नाहीत. दोघींमध्ये सीमा असते. १९१९ साली त्याने हे प्रसिद्ध केले. वय अवघे एकवीस! पुढे त्या सीमेला ‘आघाडी’ हेच नाव पडले, यात नवल ते काय?

ध्रुवाकडची जड, थंड हवा आणि दक्षिणेची दमट, उबदार हवा यांच्या सीमेवर लाट उठते. उबदार हवा थंडीच्या पाठीवर सावकाश चढते. आभाळ भरते, तासन्‌तास रिपरिप लागते. मागून थंड हवा पाचरीसारखी घुसून तिला एकदम वर उचलते. जोराची सर येते, वारा दिशा बदलतो, गारठा पडतो, आणि मग आभाळ उघडते. मध्यभागी वायुभार उतरलेला असतो. वारे त्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. अखेर उबदार हवा जमिनीवरून पुरती उचलली गेली, की भांडणाचे कारणच सरते, वादळ विरते.

ती मधली उघडीप किती मोलाची, हे दुसऱ्या महायुद्धात कळले. ५ जून १९४४ ला दोस्तांची फौज नॉर्मंडीवर उतरायची होती. ३ जूनला आयर्लंडच्या पश्चिम टोकावरील ब्लॅकसॉडच्या टपाल कचेरीतून मॉरीन फ्लाविन या तरुणीने कळवले : वायुभार झपाट्याने उतरतो आहे. इंग्लंडहून विचारणा आली, पुन्हा पाहा. तिने पाहिले, आकडे तेच. ब्रिटनमध्ये नकाशे वाचणाऱ्यांत बर्गेनच्या तालमीत तयार झालेले स्वेरे पेटरसन होते. थंड आघाडी सरकली की थोडी उसंत मिळेल, असे जेम्स स्टॅग यांनी आयसेनहॉवरना सांगितले. स्वारी ६ जूनला झाली. ती हुकती, तर भरतीचा पुढचा योग १९ जूनच्या सुमारास होता. नेमके त्याच दिवशी इंग्लिश खाडीत असे तुफान उठले, की दोस्तांच्या दोन कृत्रिम बंदरांपैकी अमेरिकनांचे मोडूनच पडले.