जुन्या मोटारीचा थंडीतील आवाज आणि ऑईलची निवड

ट्रॅक्टर आणि विहिरीवरील पंपाच्या देखभालीविषयी शेतकरी बंधूंना पुष्कळ माहिती दिली जाते. दारातील जुन्या मोटारीविषयी मात्र फारसे सांगितले जात नाही. वास्तविक अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात वस्तीवरून डेअरीला दूध घालणे, बाजार समितीत माल नेणे, मुलांना शाळेत सोडणे ही कामे आजही अनेक घरी पंधरा-वीस वर्षांच्या गाडीवरच चालतात. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली बंद झाले, तरी गाड्या अजून रस्त्यावर आहेत. ओम्नीची आणि जुन्या डिझेल जीपची गोष्टही तीच. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली उतरला, की अशी गाडी सकाळी चालू करताना खडखडते, आणि गॅरेजमध्ये नेल्यास 'हाफ इंजिन करावे लागेल' असे ऐकायला मिळते. काही वेळा ते खरेही असते. परंतु पुष्कळदा दोष फिल्टर, टॅपेट किंवा चुकीच्या ऑईलचा असतो व तो थोड्या खर्चात दूर होतो.

रात्रभर उभ्या गाडीतील बहुतेक ऑईल खाली चेंबरमध्ये उतरलेले असते. इंजिन फिरू लागल्यावर पंप ते ओढून फिल्टरमधून बेअरिंगांना व सर्वांत शेवटी वरच्या टॅपेटपर्यंत पोहोचवतो. तोवर धातूवर फक्त ऑईलचा पातळ थर असतो. थंडीत ऑईल घट्ट होते; गुऱ्हाळावरची काकवी थंड सकाळी भांड्यातून किती सावकाश उतरते हे आपण पाहतोच. म्हणून आवाज कसा आहे यापेक्षा तो किती वेळ टिकतो याची नोंद आधी करावी.

आवाज दोन-तीन सेकंदच येऊन थांबत असेल, तर प्रथम फिल्टरचा संशय घ्यावा. अनेक गाड्यांच्या फिल्टरमध्ये ऑईल मागे उतरू न देणारी रबरी झडप असते. विहिरीवरील पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळू लागला की पाईप रिकामा होतो व पंपात पुन्हा पाणी भरावे लागते, तसेच येथे घडते. हलक्या प्रतीच्या फिल्टरमधील झडप लवकर कडक होते. चांगला फिल्टर बसवून आठवडाभर पाहावे.

आवाज काही मिनिटे राहून इंजिन तापल्यावर जात असेल, तर कारणे निराळी असतात. पोकळ, बोथट ठकठक बहुधा झिजलेल्या पिस्टनची असते. पिस्टनचे ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे तापल्यावर फट भरून निघते. अशी गाडी ऑईल फार पीत नसेल व धूर सोडत नसेल, तर लगेच इंजिन खोलण्याची घाई करू नये. एक्झॉस्टच्या गॅस्केटमधून गळती असल्यासही थंड इंजिनात फटफट ऐकू येते व धातू फुगल्यावर ती बंद होते. जोडापाशी काजळीचा काळा डाग दिसतो. जुन्या डिझेल इंजिनात थंडीत इंधन उशिरा पेट घेते आणि मग एकदम पेटते, म्हणून सकाळचा कडक आवाज काही प्रमाणात स्वाभाविक आहे. तो नेहमीपेक्षा जास्त असेल व पांढरा धूर येत असेल, तर हीटर प्लग व नोझल तपासून घ्यावेत.

टॅपेटची टिकटिक वरच्या भागातून येते. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरत असल्याने ती इतर ठोक्यांपेक्षा संथ असते. गॅप गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणेच ठेवावा. आवाज अजिबात नको म्हणून काही मिस्त्री तो कमी ठेवतात. अशा इंजिनाचा आवाज बंद होतो खरा, परंतु व्हॉल्व्ह पूर्ण न बसल्याने जळतो. थोडी टिकटिक असलेली बरी.

खालून येणारा जड ठोका मात्र गंभीर समजावा. विशेषतः इंजिन तापल्यावर किंवा चढावर भार आल्यावर तो वाढत असेल, तर बेअरिंग झिजलेले असण्याची शक्यता मोठी असते. ऑईलचा लाल दिवा काही सेकंदांत विझत नसेल, तर इंजिन त्वरित बंद करून पातळी पाहावी आणि मिस्त्रीकडून गेज लावून ऑईलचा दाब मोजून घ्यावा. इंजिन खोलण्याचा निर्णय कानावर नव्हे, या मोजणीवर घ्यावा.

आता ऑईलविषयी. डब्यावरील १५डब्ल्यू-४० मध्ये 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. पहिला आकडा जितका लहान, तितके ऑईल थंडीत लवकर वाहते. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातील घट्टपणा दाखवतो. २०डब्ल्यू ऑईलची थंडीतील चाचणी उणे १५ अंशांवर होते, म्हणजे आपल्या जिल्ह्यात, अगदी अकोले तालुक्यातील घाटघरच्या थंडीतही, ते गोठून बसेल अशी भीती नाही. तरीही पुस्तकात दोन्ही ग्रेडना परवानगी असेल, तर सकाळी लवकर पोहोचणारे १५डब्ल्यू-४० घेणे माझ्या मते अधिक चांगले. आवाज दाबण्यासाठी पुस्तकात नसलेले २०डब्ल्यू-५० भरण्याची पद्धत सर्रास दिसते. झिजलेल्या इंजिनात त्याने गरम असतानाचा दाब थोडा सुधारतो, परंतु पहाटे तेच ऑईल टॅपेटपर्यंत उशिरा पोहोचते, आणि बेअरिंगची झीज आवाजाआड लपते. उलट नव्या गाड्यांना चालणारे ०डब्ल्यू-२० हे फार पातळ ऑईल महाग म्हणून चांगले समजून जुन्या इंजिनात घालू नये.

ग्रेडबरोबर एपीआयची अक्षरेही पाहावीत. 'एस' ने सुरू होणारी पेट्रोल इंजिनासाठी, 'सी' ने सुरू होणारी डिझेलसाठी असतात. काही डब्यांवर दोन्ही असतात. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्स व हायड्रॉलिकचे उरलेले ऑईल मोटारीच्या इंजिनात कधीही ओतू नये.

पातळी सकाळी, गाडी सपाट जागी असताना, चालू करण्यापूर्वी पाहावी. वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑईल भरल्यास क्रँक त्यात आपटून फेस होतो आणि फेसाळ ऑईलने टॅपेट वाजतात. डिझेल गाडीचे ऑईल बदलल्यावर लवकरच काळे होते. रंगावरून ते खराब ठरवू नये. ज्यांची गाडी डेअरीपर्यंत दोन किलोमीटर जाऊन परत येते, त्यांचे इंजिन पुरते तापतच नाही. आत पाणी साचते, झाकणाखाली दुधाळ साय दिसते. अशा गाडीचे ऑईल किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न पाहता मुदतीवर बदलावे, आणि आठवड्यातून एकदा ती अर्धा तास रस्त्यावर चालवावी. लांब चालवूनही साय हटली नाही व रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासावे.