आठ संघांचा टंच

पहाटे साडेपाच

घरातलं कुणी उठायच्या आत मी दुखापतींची यादी वाचून घेतो. अमेरिकेत या वेळी बुधवारची रात्र सुरू झालेली असते. मोसमाआधीचे सराव सामने चालू असतात. कुणाचा घोटा मुरगळला, कुणाला बसवून ठेवलं, हे आत्ताच कळतं. आज गुरुवार, १६ ऑक्टोबर २०२५. परवा धनत्रयोदशी. पुढच्या बुधवारी, पाडव्याला, आपल्या पहाटे पाच वाजता एनबीएचा नवा मोसम उघडतो. आमच्या फँटसी लीगचा ड्राफ्ट रविवारी झाला. आता आठही संघांचं परीक्षण लिहून आज रात्री इंदूरच्या सराफ्यात वाचून दाखवायचं आहे. ते काम दरवर्षी माझ्याकडे असतं.

खेळ सोपा आहे. खऱ्या खेळाडूंमधून प्रत्येकाने तेरा जण निवडायचे. एक खेळाडू एकाच संघात. पहिल्या फेरीत क्रम एक ते आठ, दुसऱ्या फेरीत आठ ते एक. मग ते तेरा जण प्रत्यक्ष सामन्यांत जे करतील ते आपल्या नावावर जमा. खाती नऊ: गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, थ्री, फील्ड गोलची टक्केवारी, फ्री थ्रोची टक्केवारी आणि टर्नओव्हर. हे शेवटचं जितकं कमी तितकं चांगलं. १९८० मध्ये न्यूयॉर्कला डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी बेसबॉलसाठी अशी लीग काढली, तीही ला रोटिसरी फ्रान्सेझ नावाच्या रेस्तराँत जेवता जेवता. म्हणून त्या प्रकाराला आजही रोटिसरी म्हणतात. खाता खाता संघ मांडायची ही रीत इंदूरला न शिकवताच जमते.

सकाळी साडेआठ

पोहे-जिलबी आणि भांडीवाल्या मित्राचा संघ. बर्तन बाजारातलं दुकान सांभाळून त्याने फार विचाराने संघ बांधलाय, पण पहिलीच निवड यानिस अँटेटोकुंपो. गेल्या मोसमात यानिसचे फ्री थ्रो शंभरातले साठ-बासष्टच पडले. बाकीचे खेळाडू चांगले असले की टक्का वर येईल, असं मित्राचं म्हणणं. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. यानिस एका रात्री दहा फ्री थ्रो घेतो आणि सहा टाकतो असं धरा. त्याच्या सोबतच्या तिघा नेमबाजांनी प्रत्येकी तीन घेतले आणि तिघांनी मिळून नवातले आठ टाकले. एकोणीसमधले चौदा, म्हणजे ७४ टक्क्यांच्याही आत. तिघे उत्तम असूनही एकट्याची संख्या त्यांना खाली ओढते. तेव्हा हे खातं सोडूनच द्यायचं आणि उरलेल्या आठांवर जोर लावायचा. भांडीवाल्याने मात्र पुढच्या फेऱ्यांमध्ये फ्री थ्रोसाठी दोन खेळाडू घेऊन ठेवलेत, आणि तिथे त्याचा संघ ना इकडचा ना तिकडचा झालाय. हे मी तसंच लिहिलं.

त्याची बारावी निवड मात्र या लीगमधली सगळ्यांत सुंदर निवड आहे: ह्यूस्टनचा रीड शेपर्ड. सप्टेंबरात फ्रेड व्हॅनव्लीटच्या गुडघ्याचा एसीएल फाटला, ती बातमी सगळ्यांनी वाचली होती. व्हॅनव्लीटच्या मिनिटांचं काय होणार हा प्रश्न फक्त याने विचारला.

अकरा ते सात

दुकान. मी चांदीच्या पेढीवर हिशेब बघतो. पुष्य नक्षत्राची गर्दी आत्ताच होऊन गेली. सोनं दहा ग्रॅमला सव्वा लाखाच्या पुढे आहे, तरी जोडवी आणि लक्ष्मीच्या नाण्यांसाठी रांग तुटत नाही. या आठवड्यात दुकानात बास्केटबॉलचं नाव काढायचं नाही, हे मला आणि मालकांना न बोलता मान्य आहे.

परीक्षण कसं करावं हे मात्र मी याच पेढीवर शिकलो. जुना दागिना आला की आमचे कारागीर त्याच्या दर्शनी बाजूकडे बघत नाहीत. मागचा फासा, डाग दिलेली जागा, साखळीची शेवटची कडी, असा जिथे बट्टा लपतो तिथला टंच काढतात. संघाचंही तसंच. पहिल्या फेरीत योकिच मिळाला तर ती चिठ्ठीची कृपा. बँकेतल्या मित्राला तो मिळाला, आणि गेल्या मोसमात सरासरी २९.६ गुण, १२.७ रिबाउंड, १०.२ असिस्ट करणारा माणूस घेण्यात कसली आली हुशारी? दहावं, अकरावं, बारावं नाव घेताना समोर ओळखीचं कुणी उरलेलं नसतं, आणि माणूस तिथे कळतो.

बँकेतल्या मित्राने बारावा घेतला जेसन टेटम. १२ मेच्या रात्री न्यूयॉर्कविरुद्ध त्याचा अकिलीस तुटला. तो बरा व्हायला बहुधा नऊ महिने ते वर्ष लागतं. तशीच दुखापत झालेल्या हॅलिबर्टनच्या बाबतीत इंडियानाने पूर्ण मोसम बाहेर असं जाहीर केलं आहे, टेटमची दारं मात्र बंद झालेली नाहीत. जखमींच्या जागेवर तो ठेवायचा आणि वसंतात परतला तर परतला. सुरक्षित ठेव मोडायची नाही, पण व्याजाची आशाही सोडायची नाही. हा त्याचा स्वभाव वीस वर्षं बघतोय, म्हणून मी या निवडीला चूक म्हणू शकलो नाही.

संध्याकाळी साडेसात

मावसबहिणीचा फोन. ती शाळेत गणित शिकवते आणि माझ्या स्वतःच्या संघाचं परीक्षण तिच्याकडे असतं, कारण आपल्या संघाचा निवाडा आपण करू नये. माझ्या संघातल्या वेम्बन्यामावरून तिने मला धरलं. "दादा, गेल्या मोसमात शेहेचाळीस सामने खेळला तो. खांद्यात रक्ताची गाठ होती. सामन्याला पावणेचार ब्लॉक बघून तू भुललास." मी म्हटलं, जुलैत डॉक्टरांनी त्याला खेळायची मुभा दिली आहे. ती म्हणाली, मुभा मिळाली म्हणजे ब्याऐंशी सामने मिळाले असं नव्हे. तिचं वाक्य मी जसंच्या तसं घातलं. तिच्या संघाचा आधार केव्हिन ड्युरंट आहे, सदतिसाव्या वर्षी नव्या संघात, ह्यूस्टनला. तेही मी तिला सुनावलं.

रात्री दहा

दिवाळीमुळे दुकानं उशिरा बंद झाली, म्हणून गाड्याही ओटल्यांवर उशिरा लागल्या. दिवसा ज्या दुकानापुढे मंगळसूत्रं बघतात त्याच पायरीवर आता खोपरा पॅटिस तळलं जातंय. आम्ही भुट्ट्याचा कीस घेऊन एका बंद शटरपुढे बसलो. पुण्याला गेलेला मित्र फोनवर.

या बाजाराला सट्ट्याचा मोठा इतिहास आहे. कापसाच्या वायद्यात नाव कमावलेल्या सेठ हुकुमचंदांचं काच मंदिर इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आमच्या लीगमध्ये मात्र पैसा कधीच आला नाही. यंदा ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला, तेव्हा आम्हाला काही बदलावं लागलं नाही. शेवटच्याने सगळ्यांना मावाबाटी खिलवायची, इतकंच. पैसे लागले असते तर कुणी दुसऱ्याच्या संघातला दोष इतक्या मोकळेपणाने दाखवला नसता. दुसऱ्याच्या तेरा नावांवर दिवसभर विचार करायचा आणि तोंडावर खरं सांगायचं, हे मैत्रीत क्वचित घडतं. म्हणून मला हे परीक्षण प्रत्यक्ष लीगपेक्षा मोलाचं वाटतं.

सगळ्यांत लांबलं ते रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर मुलांना शिकवणाऱ्या मित्राचं. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्स आणि इंडियाना पेसर्स खेळले, तेव्हा तो मुंबईला गेला होता. पहिला सामना जादा वेळेत गेला, १३२–१३१. किंग्सचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, म्हणून त्याने किंग्सशी नातं जोडलं ते कायमचं. यंदा त्याने साबोनिस घेतलाय, जो तेव्हा पेसर्सकडे होता. सलग तीन मोसम रिबाउंडमध्ये पहिला, म्हणून मी त्याला भावनेची निवड म्हटलं नाही. शंका घेतली ती शेवटच्या नावावर, बॉस्टनच्या नेमियास केटावर.

"भिया, तू कागद वाचतोस," तो म्हणाला. "पोर्झिंगिस गेला, हॉरफर्ड गेला. बास्केटखाली उभं राहायला त्यांच्याकडे आहे कोण?"

मी परीक्षणातली ती ओळ तिथेच खोडली आणि त्याचं वाक्य लिहिलं. मग पाडव्याची आखणी झाली. पहिला सामना ह्यूस्टन विरुद्ध गतविजेते ओक्लाहोमा सिटी. ड्युरंट बहिणीचा, शेपर्ड भांडीवाल्याचा, ओक्लाहोमाचा शाई पुणेकराचा. पहाटे पाचला तिघांनीही भांडीवाल्याच्या घरी जमायचं ठरलं, पुणेकराने फोनवरून. अभ्यंगस्नान सामन्याच्या आधी की मध्यंतरात, यावर मात्र शटरपुढून उठेपर्यंत एकमत झालं नाही.