फळीमागची हवा

पनवेल कोळीवाड्याच्या पुढे, खाडीला लागून असलेल्या जुन्या जोत्यावर सकाळी सातलाच करवत सुरू झाली आहे. मे महिना. ओहोटी लागलीये, तिवरांच्या मुळांशी चिखल उघडा पडलाय आणि खाऱ्या वाऱ्याबरोबर वाळत घातलेल्या जवळ्याचा वास येतोय. जोत्यावर अजून एकही भिंत नाही. नुसता सांगाडा उभा आहे: बारा खांब, त्यांवर तुळया, वर वासे, आणि सगळ्यावर मंगळुरी कौलं. भिंती आजपासून लागतील. त्याही लाकडाच्या.

"छप्पर आधी, भिंत मागून," मिस्त्री सांगतात. "लाकडाला सावली मिळायला हवी. उन्हात उघड्यावर फळी ठोकली तर चार दिवसांत पिळा मारते."

मिस्त्रींनी साठी ओलांडली आहे. त्यांचे वडील पनवेलला बैलगाडीची चाकं करायचे. तुंबा, आरे, वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव, हे सगळं त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य धंदा म्हणून गाडीच्या चाकांचीच नोंद आहे. घाटावरून उतरणारा गाडीवान परतताना इथून चाकांची एक जोडी न्यायला बघायचा. तो धंदा गेला, हात मात्र या एका घरात तरी उरलेत. हाताखालची दोन पोरं गोरखपूरची. ती त्यांना 'चाचा' म्हणतात आणि चाचा त्यांना मराठीतच ओरडतात.

घर ज्यांचं, त्या आजी माडाच्या सावलीत बसून सगळ्यांवर नजर ठेवून आहेत. याच जोत्यावर त्यांचं सिमेंटचं घर होतं. खाडीच्या वाऱ्यातलं मीठ काँक्रीटमध्ये शिरलं, आतली सळई गंजून फुगली आणि स्लॅबचे पोपडे ताटात पडायला लागले. "जेवताना वर बघत जेवायचो," आजी म्हणतात. मुलाला पुन्हा स्लॅबच टाकायचा होता. आजी अडून बसल्या.

मी एका खांबाच्या बुडाशी वाकून बघतो. खांब जमिनीला टेकलेला नाही. खाली काळ्या दगडाचा तळखडा आहे, त्याचा माथा कडांकडे किंचित उतरता घडवलाय, म्हणजे पाणी लाकडाशी थांबत नाही. दगड आणि लाकूड यांच्यामध्ये शिशाचा पत्रा आहे, कारण दगड ओल धरतो. आणि खांबाच्या अंगावर, माझ्या छातीच्या उंचीवर, एक चौकोनी भोक आहे. त्यात आता काहीच बसलेलं नाही.

"ते जुनंय," मिस्त्री म्हणतात. "गावातल्या वाड्याचे खांब आहेत हे. सागाचे. तिथे त्या भोकात माळ्याची तुळई बसायची."

वाडा पाडला तेव्हा हे खांब शाबूत निघाले, कारण ते बांधणाऱ्याने सांध्यात एकही खिळा मारला नव्हता. तुळईच्या टोकाला कुसू, खांबात त्याच मापाचं भोक, आणि दोन्हींना आरपार धरणारी एक लाकडी खुंटी. उलट बाजूने खुंटीवर हातोडी मारली की सांधा सुटतो. मिस्त्रींनी इथेही तेच केलंय. प्रत्येक सांध्यावर गेरूने आकडे आहेत, खांबावर ७ आणि तुळईच्या टोकावरही ७. गोंद कुठेच नाही. "चिकटवलेलं लाकूड सोडवायचं म्हणजे तोडायचं," ते म्हणतात, आणि मला यात या घराचं सगळं शास्त्र दिसतं.

फळ्या ऐनाच्या आहेत, नव्या. ज्या ओंडक्यांतून त्या कापल्या त्यांच्या टोकांवर वन खात्याच्या हातोड्याचा शिक्का अजून दिसतोय. मिस्त्री एकेक फळी उचलून डोळ्यासमोर धरतात, लांबीवर नजर टाकतात आणि बाजूला ठेवतात. कडेला पांढुरका कच्चा भाग दिसला की तेवढी पट्टी कापून टाकतात, कारण कीड तिथूनच आत शिरते. रंधा मारून झाला की पोरगा फळीला बेलतेल लावतो. फळीच्या पाठीलाही. टोकांना तर तीनदा, तेल पिणं थांबेपर्यंत. झाडात पाणी वर चढायच्या नळ्या उभ्या असतात, फळीच्या कापलेल्या टोकाला त्या उघड्या पडतात, म्हणून लाकूड अंगापेक्षा टोकाकडून फार भराभर पाणी ओढतं. घाईत असलेला सुतार नेमका याच कामाला फाटा देतो.

नऊ वाजता भिंत सुरू होते. आधी आतल्या बाजूचे तक्ते आणि त्यांवर पाणी अडवणारा कागद लागतो. त्यावर आता उभ्या पट्ट्या मारल्या जातात, इंचभर जाडीच्या. या पट्ट्यांवर आडव्या फळ्या बसणार, खालून वर, वरची फळी खालचीवर सव्वा इंच चढवून. म्हणजे फळी आणि कागद यांच्यामध्ये सगळ्या भिंतीभर इंचभर पोकळी राहते, खाली उघडी आणि वर वळचणीखाली उघडी.

ही पोकळी हीच खरी भिंत. जून लागला की नैर्ऋत्येचा वारा खाडीवरून पावसाची झड आडवी मारतो. ती झड फळ्यांच्या फटींतून थोडीफार आत येणारच, कुणी कितीही घट्ट बसवू दे. आलेलं पाणी पोकळीतून खाली गळून जातं, आणि उघडीप पडली की तिथूनच हवा वर चढून फळीची पाठ सुकवते. लाकूड भिजल्याने कुजत नाही. भिजून सुकायला न मिळाल्याने कुजतं. पोकळीच्या दोन्ही तोंडांना बारीक जाळी ठोकली जाते, उंदीर आणि गांधीलमाश्यांसाठी.

पहिली फळी जोत्यापासून चांगली वीतभर वर लागते. अंगणात आपटलेल्या पावसाचे शिंतोडे तिथवर पोचू नयेत म्हणून. तिच्या खालच्या कडेला पोटाकडून एक बारीक खाच आहे. ओघळ पाठीकडे न जाता तिथेच थेंब होऊन सुटावा, यासाठी एवढी खटपट.

स्क्रूच्या डब्यावर ३१६ लिहिलंय. आजींच्या मुलाने बाजारातून साधे आणले होते, मिस्त्रींनी परत पाठवले. ऐनात टॅनिन भरपूर असतं. लोखंड ओल्या ऐनाला लागलं की काळे ओघळ उतरतात आणि खिळा आतल्या आत झिजतो. साधं स्टेनलेसही खाऱ्या हवेत तांबूस डाग धरतं. ३१६ जातीच्या स्टेनलेसमध्ये मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला सहजी दाद देत नाही. प्रत्येक फळीला पट्टीगणिक एकच स्क्रू, खालच्या कडेपासून थोडा वर. पोरगा दुसरा मारायला जातो तसे मिस्त्री ओरडतात, "अरे, जखडू नकोस तिला!" पावसात फळी रुंदीत दोन सूत फुगणार, हिवाळ्यात आक्रसणार. दोन्ही कडांना जखडली तर मधोमध फाटेल.

आजींना हे सगळं नवीन वाटत नाही. त्यांच्या माहेरी पावसाळ्याआधी पडवीला झावळ्यांचे झाप बांधत, भिंतीपासून हातभर लांब. चार महिने झाप भिजायचा, मातीची भिंत कोरडी. दिवाळीला झाप चुलीत. भिंत वाचवायला तिच्यापुढे बदलता येणारं कवच उभं करायचं, हे कोकणाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आपल्याच रायगड जिल्ह्यात, नांदगावच्या माडांच्या बागेत, वास्तुरचनाकार बिजॉय जैन यांच्या 'स्टुडिओ मुंबई'ने २००७मध्ये पूर्ण केलेलं 'पामायरा हाऊस' याच वाटेने जातं: काळ्या दगडाचं जोतं, ऐनाचा सांगाडा आणि बाहेरून ताडाच्या पट्ट्यांची झडपं. सागाचा गाभा टणक, बाहेरचा थर कच्चा. ताडाचं उलटं, आत भुसा आणि बाहेरून लोखंड. ते ओळखून फक्त बाहेरच्या थराच्या पट्ट्या काढलेल्या आहेत. २०१०च्या आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीत ते घर होतं. तिथलं ज्ञान सुतारांचं आहे, आणि तसा सुतार इथे माझ्यासमोर चौथी फळी लावतोय.

३ जून २०२०ला निसर्ग वादळाने रायगडच्या किनाऱ्यावरची छपरं उडवली, ते इथे कुणी विसरलेलं नाही. प्रत्येक वासा तुळईला स्टीलच्या पट्टीने बांधलेला आहे. मिस्त्री शिडीवरून एकेक पट्टी हलवून बघतात.

दुपारी भरती चढते तेव्हा नैर्ऋत्येची भिंत कमरेएवढी झाली आहे. आजी उठतात, फळीवर हात फिरवतात.

"मिस्त्री, ही कुजली कधी तर?"

"कुजेलच मावशी, पंधरा-वीस वर्षांनी एखादी. तेवढी काढायची, दुसरी लावायची. घराला हात लावायचा नाही."

पनवेलचे जुने वाडे एकामागून एक पडताहेत. तिथे जेसीबी आधी पोचतो. त्याच्या एका धक्क्यात कुसू मोडतात, खांब चिरतात आणि शंभर वर्षांचा साग सरपणात जातो. ज्यांच्या घरात असा वाडा पाडायचं ठरलं असेल त्यांना माझी विनंती आहे: जेसीबीआधी सुतार बोलवा. खुंट्या काढायला त्याला चार दिवस जास्त लागतील, तेवढे द्या.