फेकजाळ्याचे शिसे

उजनीच्या जलाशयात, करमाळा-माढ्याच्या काठाने, मासेमारी चालते. फेकजाळे पाण्यावर पसरताच झपाट्याने तळाशी जावे, म्हणून त्याच्या घेराला शिशाचे मणी ओवलेले असतात. शिसे पाण्याच्या अकरा पटींहून अधिक जड आणि केवळ ३२७ अंशांना वितळणारे, त्यामुळे असे वजन भंगारातूनही ओतता येते.

भंगारात जुने पाइप, केबलचे आवरण, चाकांची वजने असतात. ते आधी पूर्ण वाळवावे लागते. वितळलेल्या शिशात ओला तुकडा पडला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि तप्त धातू अंगावर उसळतो. या कामातला हा सर्वांत तातडीचा धोका. चाकांची काही वजने जस्ताची असतात. जस्त ४१९ अंशांना वितळते, म्हणून आच त्याखाली ठेवली तर ते वर तरंगते आणि पळीने काढता येते. मग थोडे मेण टाकून ढवळतात. मेणाने काही ऑक्साइडचे पुन्हा शिसे होते. उरलेली मळी वर येते. ती विषारी भुकटीच असते.

बॅटरी मात्र कधीही फोडू नये. तिच्यात गंधकाम्ल आणि शिशाची संयुगे असतात. २०२२च्या बॅटरी-कचऱ्याच्या नियमांनुसार ती अधिकृत संकलन किंवा पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवी.

शिशाची धूळ हातांवरून, कपड्यांवरून घरात येते आणि मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम करते. त्यामुळे स्वयंपाकाची चूल, भांडी आणि घराचे अंगण या कामासाठी वापरूच नये.