लाकूड कापायचं कटर मागं का उसळतं?



नववीच्या विज्ञानात पहिलाच पाठ ‘गतीचे नियम’. तो शिकवताना बंदूक, रॉकेट, होडी ही आपली ठरलेली उदाहरणं. या वेळी मागच्या बाकावरून एकानं विचारलं, “सर, आमच्या पप्पांच्या हातातनं कटर एकदम वर उसळलं. ते पण क्रिया-प्रतिक्रियाच का?” मे महिन्यातल्या वादळात त्यांच्या दारातल्या गुलमोहराची फांदी पडली होती, ती कापायला वडिलांनी विजेवरचं चेन सॉ घेतलं होतं. कुणाला लागलं नाही, भिंतीचं प्लास्टर तेवढं खरवडलं. त्याच्या प्रश्नाचं उत्तर तासात मावलं नाही, म्हणून हा लेख.

हे यंत्र साधं आहे. एक लांबट लोखंडी पट्टी, तिच्या कडेनं सायकलच्या चेनसारखी फिरणारी साखळी आणि साखळीवर दात. घरगुती विजेच्या मशीनची साखळी सेकंदाला साधारण १० ते १५ मीटर पळते. १२ मीटर धरले तरी ताशी ४३ किलोमीटर झाले. मुलांना हे गणित फळ्यावर करायला लावा, ती आपोआप गप्प होतात.

आता उसळण्याचं कारण. साखळी पट्टीच्या वरच्या कडेनं आपल्यापासून पुढं जाते, टोकाला वळते आणि खालच्या कडेनं परत आपल्याकडे येते. पट्टीच्या टोकाला आपण ‘नाक’ म्हणू. नाकाच्या वरच्या भागात साखळी पुढं आणि खाली जात असते. तिथं एखादा दात लाकडात, गाठीत किंवा शेजारच्या फांदीत अडकला, की दात लाकडाला पुढं-खाली ढकलतो आणि लाकूड पट्टीला मागं-वर ढकलतं. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. पट्टी गर्रकन उलटून धरणाऱ्याच्या मानेकडे किंवा चेहऱ्याकडे येते. यालाच किकबॅक म्हणतात. माणसाला दचकून हात हलवायला साधारण पाव सेकंद लागतो, आणि किकबॅक बहुतेक वेळा त्याआधीच होऊन गेलेला असतो. “मी सावध आहे” याला इथं काही अर्थ नाही. सावधपणा मशीन सुरू करण्याआधीचा हवा.

म्हणून नाकानं कधीच कापायचं नाही. कापताना पट्टीचा मुळाकडचा भाग, मोटारीजवळचा, लाकडाला टेकवायचा आणि खालच्या कडेनं कापायचं. पुढची मूठ डाव्या हातात, अंगठा मुठीखालून पूर्ण वळवलेला, मागची मूठ उजव्या हातात, डावखुऱ्यांनीही असंच. आपण पट्टीच्या रेषेत उभं राहायचं नाही, थोडं डावीकडं सरकून राहायचं. मग ती उसळलीच तर डोक्याच्या बाजूनं जाते. खांद्याच्या वर उचलून कापायचं नाही, आणि शिडीवर चढून तर नाहीच नाही. शिडीवर एक हात धरायला लागतो, उरतो एकच.

पुढच्या मुठीसमोर प्लास्टिकची आडवी ढाल असते. बऱ्याच मशीनमध्ये तोच ब्रेक असतो. उसळी आली की मनगट ढालीला लागून साखळी थांबते. काम सुरू करण्याआधी तो ब्रेक चालतो का, हे एकदा बघा. खटका सोडल्यावरही साखळी क्षणभर फिरत राहते, ती थांबल्याशिवाय मशीन खाली ठेवू नका.

इथं मला जरा स्पष्ट बोलायचंय. आपल्या मुकुंदवाडीला लागूनच चिकलठाणा एमआयडीसी. कितीतरी घरांत चार इंची ग्राइंडर असतो, आणि त्याला लावायचं चेन सॉचं अटॅचमेंट बाजारात स्वस्तात मिळतं. “नवं मशीन कशाला, हे लावू की!” असं म्हणत ते घरी येतं. मी म्हणेन, आणू नका. ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो आणि तो लोखंड घासायला बनवलेला आहे. त्याला साखळीचा ब्रेक नाही. शिवाय बहुतेक ग्राइंडरचं बटण सरकवलं की तिथंच अडकून राहतं. हातातून सुटला तरी तो फिरतच राहतो. खऱ्या चेन सॉमध्ये दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय मशीन चालू होत नाही आणि बोट सुटलं की मोटर बंद. जास्तीचे पैसे या फरकाचे असतात.

विजेचं थोडं. २,००० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर घेतं (भागाकार मुलांकडून करून घ्या). टीव्ही-मोबाइलच्या ६ अँपिअरच्या सॉकेटचं हे काम नाही, १६ अँपिअरचा पॉइंट हवा. एक्स्टेन्शनची वायर जाड हवी आणि पूर्ण उलगडलेली. गुंडाळी तशीच ठेवली तर ती तापते. वायर नेहमी आपल्या पाठीमागं. साखळीखाली वायर आली तर उघडी तार सरळ ओल्या अंगणात पडते. घरात एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. १६ अँपिअरचा एमसीबी माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह ओळखतच नाही, कारण जीव जायला त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी प्रवाह पुरतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. त्यावरचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का, ते पाहा. पावसात किंवा ओल्या गवतात काम नको.

पडलेली फांदी ही उभ्या फांदीपेक्षा फसवी असते. ती कुठंतरी दबून धनुष्यासारखी वाकलेली असते. ताणलेल्या बाजूनं एकदम कापली तर फटकन उडते. दबलेल्या बाजूनं खोल कापली तर पट्टी चिमटीत धरते. म्हणून आधी वाकडेपणा बघायचा, दबलेल्या बाजूला उथळ काप द्यायचा, मग ताणलेल्या बाजूनं हळूहळू. आणि दुसऱ्या टोकाला “जरा धर रे” म्हणून मुलाला उभं करायचं नाही. आपल्याकडं हे सर्रास होतं. फांदी धरायला लाकडाचे दोन ओंडके ठेवा, मुलाला घरात पाठवा. फांदी विजेच्या तारेवर पडली असेल तर तिला हातच लावू नका, महावितरणला १९१२ वर फोन करा.

अंगावर ओढणी, पंचा, सैल बाही नको. डोळ्यांना गॉगल, कानांना बोळे, पायात बंद बूट. चपलेवर तर नकोच. साखळी ताणायची, तेल भरायचं ते प्लग काढून. साखळी सैल झाली तर पट्टीवरून उतरते. तेल येतंय का हे बघायला मशीन पुठ्ठ्यासमोर धरून चालवा, तेलाची रेघ उमटली पाहिजे.

पडलेली फांदी आवरणं वेगळं, उभं झाड तोडणं वेगळं. शहरात १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण दिलं आहे. मोठ्या फांद्या छाटायच्या तरी आधी विचारून घ्या.

लागलंच, तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा, भिजलं तर ते न काढता वरून दुसरं ठेवा, आणि १०८ ला फोन. म्हणून हे काम घरात दुसरं मोठं माणूस असतानाच काढायचं, एकट्यानं नाही.

काम झाल्यावर पट्टीला कव्हर घालून मशीन माळ्यावर, कुलपात. त्या मुलानं मला सांगितलं, त्यांच्याकडं ते जिन्याखाली असतं, धाकट्या भावाच्या सायकलीशेजारी.