काळ्या ग्रंथीतला पांढरा डाग

प्रोस्टेटच्या कर्करोगाचं निदान झालं की लगेच प्रश्न येतो: तो ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचलाय का? साध्या एमआरआयवर उत्तर शोधायचं ते आकारावरून. साधारण ८ ते १० मिलिमीटरपेक्षा मोठी ग्रंथी संशयास्पद, लहान ती निर्धोक. ही मोजपट्टी फसवी आहे. साध्या जंतुसंसर्गानेही ग्रंथी सुजते, आणि कर्करोग शिरलेली ग्रंथी पुष्कळदा लहानच राहते.

फेरुमॉक्सट्रान-१० हे औषध आकाराऐवजी ग्रंथीचं काम तपासतं. लोह ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण, त्यांवर डेक्स्ट्रॅन या शर्करेचं आवरण. सगळं मिळून सुमारे ३० नॅनोमीटर. खरी करामत या आवरणाची. त्याच्यामुळे यकृत आणि प्लीहा कणांना चटकन गिळत नाहीत, ते बराच काळ रक्तात फिरतात, केशवाहिन्यांतून हळूहळू बाहेर झिरपतात आणि लसिकेबरोबर ग्रंथीत पोचतात. तिथल्या भक्षक पेशी त्यांना पोटात घेतात. म्हणून शिरेतून औषध दिल्यावर २४ ते ३६ तासांनी एमआरआय काढतात. लोहामुळे निरोगी ग्रंथी काळी दिसते. कर्करोगाने भक्षक पेशींना हटवून जागा बळकावली असेल, तर तेवढा भाग पांढरा राहतो. औषध जिथे पोचत नाही, तिथेच रोग सापडतो! मला यातली ही उलटी युक्ती विलक्षण वाटते.

२००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये बॉस्टन आणि नेदरलँड्समधल्या नाइमेखेनच्या डॉक्टरांनी ८० रुग्णांचा अभ्यास मांडला. कर्करोग असलेल्या ६३ ग्रंथी निघाल्या. त्यांतल्या ४५ नेहमीच्या निकषांवर निर्दोष ठरल्या असत्या. अर्थात, ग्रंथीतली चरबीही पांढरी दिसू शकते आणि अगदी बारीक ठिपके निसटतात. चित्र वाचायला मुरलेली नजर लागते.

एवढं असूनही औषध बाजारात टिकलं नाही. अनेक कर्करोगांसाठी सरसकट परवानगी मागितली गेली, पण पुरावा तितका रुंद नव्हता. २००५ मध्ये अमेरिकेतल्या सल्लागार समितीने तिच्या विरोधात कौल दिला, २००७ मध्ये युरोपातला अर्ज मागे घेतला गेला. समितीची शंका रास्त होती. पण प्रोस्टेटपुरता पुरावा भक्कम करण्याऐवजी औषधच अडगळीत गेलं, हे रुग्णांचं नुकसान. पुढे नाइमेखेनच्या राडबाउड विद्यापीठ रुग्णालयाने ते पुन्हा वापरात आणलं.

तुमच्या घरी कुणाच्या रिपोर्टमध्ये ‘ग्रंथी वाढलेल्या नाहीत’ असं लिहिलेलं असेल, तर हा निष्कर्ष फक्त आकारावरून काढलाय का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.